रिकामी बशी

(जनावरांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. स्टीलच्या टेबलावर एक तपकिरी कुत्रा आडवा पडलाय, पुढच्या पायाला सलाईन. त्याच्या डोक्याशी म्हातारा सासरा, पायाशी सून. समोर डॉक्टरबाई.)

डॉक्टर : चॉकलेट?

सून : नाही हो, आमच्याकडे आणतच नाही.

डॉक्टर : द्राक्षं? मनुका?

सून : नाही.

डॉक्टर : कांदा-लसूण घातलेलं काही? रस्सा, उरलंसुरलं?

सून : छे! पाहुण्याचं वेगळं शिजतं.

डॉक्टर : कोणाचं?

सासरा : ह्याचं. नावच पाहुणा. शेजाऱ्यांनी एका दिवसापुरता ठेवला होता. ते घर बदलून गेले, हा ठाण मांडून बसला.

डॉक्टर : बरं. पाहुण्याने आज काय खाल्लं?

सून : वाटीभर भात आणि उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. चहाच्या वेळेपर्यंत हुंदडत होता हो. मग एकाएकी ओकला, झोकांड्या खायला लागला आणि आडवाच झाला. बाबा तर किंचाळलेच.

सासरा : किंचाळलो कुठे? हाक मारली.

डॉक्टर : रक्तातली साखर पार तळाला गेलीय. मी ग्लुकोज दिलं, चढली, पुन्हा उतरली. कारण कळेपर्यंत मी अंधारात तीर मारतेय. घरात कोणाला मधुमेह आहे?

सून : बाबांना. गोळ्या घेतात. बाबा, एखादी खाली पडली नव्हती ना?

सासरा : नाही. गोळी तुझ्यासमोर घेतली मी.

सून : नीट आठवा. ह्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

सासरा : सूनबाई, माझा चष्मा गाडीत राहिला वाटतं. जरा बघतेस?

सून : आत्ता? चष्मा?

सासरा : डोळ्यांपुढे अंधारी येतेय गं.

सून : बरं, आलेच. डॉक्टर, त्यांना जरा खुर्ची द्या.

डॉक्टर : काका, चष्मा तुमच्या खिशात दिसतोय.

सासरा : ठाऊक आहे मला. दार लोटा आधी. ऐका. ती माझ्यासाठी बिस्किटं करते, बिनसाखरेची. रोज चहाला. मी एकही खात नाही.

डॉक्टर : पाहुणा खातो.

सासरा : टेबलाखाली. पण आजवर साधी शिंकसुद्धा आली नाही हो त्याला! मला वाटलं, साखर नाही म्हणजे त्याच्याही पोटाला बरंच.

डॉक्टर : साखरेऐवजी काय घालतात त्यात?

सासरा : ते तिला माहीत.

डॉक्टर : मग तिलाच विचारायला हवं.

सासरा : तेवढं नको. तुम्ही आपलं काहीतरी औषध द्या ना.

डॉक्टर : काका, सगळ्या गोड पावडरी सारख्या नसतात. एक आहे, झायलिटॉल. माणसाने खाल्ली तर चालते. कुत्र्याची साखर मात्र ती खेचून खाली आणते, आणि मग यकृताला धरते. तीच असेल तर आत्ताच्या आत्ता उपचार बदलायला हवेत. नसेल तर मला दुसरीकडे शोधायला हवं.

सासरा : मग तुम्ही विचारा. सहज. माझं नाव न घेता.

डॉक्टर : मी फक्त जनावरांचं बघते.

सून : अख्खी गाडी पालथी घातली, बाबा. चष्मा काही... हा काय, खिशात! कमाल करता!

सासरा : सूनबाई, बिस्किटांत साखरेऐवजी काय घालतेस?

सून : तुमच्या? आधीची पावडर कडवट लागते म्हणून काल नवी आणली. हुबेहूब साखरेसारखी. कळली ना चव? मी म्हटलंच, आज बाबांनी सहा संपवली.

सासरा : हं.

डॉक्टर : पाकिटावर नाव काय आहे?

सून : फोटो असेल फोनमध्ये. थांबा... हा बघा.

डॉक्टर : झायलिटॉल. सापडलं. सहाच्या सहा अख्खी?

सासरा : अख्खी. आज तो आणखी मागत होता.

सून : तो म्हणजे? ती तर तुम्ही... बाबा!

डॉक्टर : तुम्ही बोला. मी इंजेक्शन भरते.

सून : कधीपासून चाललंय हे?

सासरा : पहिल्या दिवशी अर्धं खाल्लं होतं मी.

सून : बशी रोज रिकामी असायची. मी रोज विचारायचे, कशी झालीत. तुम्ही म्हणायचात, झकास!

सासरा : अगं, मी जन्मभर बेकरी चालवली. ती बिस्किटं... काय सांगू तुला. भिंतीवर मारली तर भिंतीला पोचा येईल.

सून : मग तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं?

सासरा : तू दारात उभी होतीस. केसांना पीठ लागलेलं, नजर माझ्या तोंडाकडे. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी भट्टीपुढे उभा राहिलो, सूनबाई. माझ्यासाठी कोणी पहिल्यांदाच उभं राहिलं होतं. कुठल्या तोंडाने नावं ठेवू?

सून : आणि मग चहाबरोबर काय खायचात? खरं सांगा.

सासरा : ह्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. नुसता चहा.

सून : पावडर मीच आणली हो. माझ्या हाताने कालवली.

सासरा : कालवली तू, भरवली मी. रडू नकोस. तो ऐकतोय.

डॉक्टर : साखर चढलीय. या वेळी टिकतेय.

सासरा : म्हणजे वाचला?

डॉक्टर : आजचं निभावलं. यकृताचं रक्त तपासून बघू, तोवर शब्द देत नाही. दोन-तीन दिवस इथेच राहू दे. आणि घरी उरलेली बिस्किटं त्याच्या तोंडाला लागता कामा नयेत.

सून : गेल्या गेल्या फेकून देते.

सासरा : फेकतेस कशाला? माणसाला चालतात म्हणाल्या ना डॉक्टर? मी खाईन.

सून : भिंतीला पोचा पाडणारी?

सासरा : चहात बुडवून.

सून : नकोत ते उपकार. कोणालाच आवडत नव्हती, तर मी करत कशाला बसले होते?

सासरा : ह्याला आवडायची की. कपबशी वाजली की धावत येऊन माझ्या पायाशी बसायचा. तो काही तुला बरं वाटावं म्हणून खात नव्हता.