एडिसनची शाखा

हॅलो?… कोण, स्वाती?… अगं, तुमच्याकडे सकाळचे सातच वाजले असतील ना?… नाही नाही, बोल. नथी पॅक करतेय, दुसरं काय. गणपती तोंडावर आलेत आणि ईलिंगपासून नॉटिंगहॅमपर्यंत सगळ्या बायकांना एकाच आठवड्यात नटायचंय.

कसलं पत्र?… टॅक्सचं?… कोणाच्या नावाने?… 'देवयानी ज्वेल्स, यूएस ऑफिस'. बरं, मग टाक रिसायकलिंगमध्ये.

हो, हो… अगं ऐक ना. मला ते सगळं पाठ आहे. तुमच्याकडे राज्याराज्याचा सेल्स टॅक्स वेगळा. शशिकांतने, माझ्या क्रॉयडनच्या अकाउंटंटने, दुकान ऑनलाइन केलं तेव्हाच मला समोर बसवून सांगितलंय. ज्या राज्यात आपलं दुकान नाही, माल नाही, माणूस नाही, तिथल्या गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा नाही. मी इथे लंडनला, ईलिंगमध्ये बसलेय. न्यू जर्सीचा, तुमच्या एडिसनचा माझा काय संबंध?

… काय म्हणालीस?

… गॅरेज?

अगं, पण ते तुमचं राहत्या घराचं गॅरेज आहे… माल आहे, हो. आठ खोकी… अकरा?… बरं, अकरा.

नाही, शशिकांतला नाही बोलले. त्याने विचारलं होतं, अमेरिकेत वेअरहाउस आहे का. मी म्हटलं नाही. भावाच्या घराला कोणी वेअरहाउस म्हणतं का, तूच सांग.

… पण त्यांना कळलं कसं?… वाच बरं पुन्हा. हळू वाच… 'आपल्या वेबसाइटनुसार'… हो. मीच टाकलंय ते. 'शाखा: ईलिंग आणि एडिसन'. तुमचा पत्ता, तुझा नथीतला फोटो आणि खाली 'मॅनेजर, यूएसए'.

… हौस, दुसरं काय. नानांच्या दुकानावर जन्मभर पाटी होती, 'आमची कोठेही शाखा नाही'. त्या पाटीखाली बसून बापाने चाळीस वर्षं बांगड्या विकल्या आणि वर त्याचाच तोरा. मला वाटलं, आपली असावी एखादी शाखा. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. मीच आपण होऊन चव्हाट्यावर मांडलं… हो गं, कळतंय. आता कळतंय.

म्हणजे तिथे माल ठेवला त्या दिवसापासून तुमच्या राज्यातल्या प्रत्येक बाईकडून टॅक्स घ्यायला हवा होता. आणि घेतला नाही, तर तो माझ्या खिशातून. आता काय, त्या अरुणाताईंना फोन करू? तीन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात ठुशी घेतलीत, तिच्यावरचा टॅक्स राहिलाय, पाठवून द्या म्हणून?

… भरीन गं. दंड असेल तर तोही भरीन. पुढच्या वर्षीचा माल नाही उचलणार, झालं. तेवढ्यासाठी एवढ्या सकाळी उठलीस?

… स्वाती? मग रडतेस कशाला?

… फॉर्म आहे सोबत. बरं… 'या ठिकाणी कोण काम करतं'…

… तुझा व्हिसा… डिपेंडंट. हो, माहीत आहे, तुला नोकरी करता येत नाही. पण तू कुठे नोकरी करत होतीस?… पार्सलं भरत होतीस, हो… दिवसाला वीस-वीस, हो… पोस्टात जात होतीस, बर्फातसुद्धा. मी कधी नाही म्हटलंय? पण ते घरचं काम. आपलंच काम.

… ग्रीन कार्डचा अर्ज आत गेलाय, त्यात हे निघालं तर… सहा वर्षं थांबलात, कबूल आहे… ऐक, ऐक माझं. मी तुला कधी एक पैसा दिला का?… नाही ना? मग झालं तर. दिले असते तर ती नोकरी झाली असती. नाही दिले ते बरंच झालं.

…

स्वाती?… आहेस ना?

… हो. ऐकलं मी. मी काय बोलले ते माझं मीच ऐकलं. चार वर्षं तुला फुकट राबवलं आणि आज तोंड वर करून म्हणतेय, बरं झालं. लाज वाटते गं. खरंच वाटते.

बरं, डोळे पूस. तुमचा वकील काय म्हणतो?… मी लिहून द्यायचं. माल माझा, धंदा माझा, टॅक्स माझा. बरोबरच आहे. स्वातीने काही केलं नाही. देईन लिहून… आणि?… घराच्या मालकाला खोक्यांत काय आहे ते माहीत नव्हतं.

घराचा मालक म्हणजे आपला विनय?

विनयला माहीत नव्हतं? 'ताई, कशाला लंडनहून एकेक पार्सल पाठवत बसतेस, माझं गॅरेज रिकामंच आहे' हे कोण म्हणालं होतं? भिंतीला फळ्या कोणी ठोकल्या? फोटो पाठवले होते त्याने मला, फळ्यांचे.

दे त्याला फोन… आहे की घरात. मघापासून तू वाक्य संपवलंस की मागून काहीतरी सांगतोय, मला काय ऐकू येत नाही?… माझ्याशी बोलू नको म्हणालाय वकील?… कुठवर?… कार्ड हातात येईपर्यंत. बरं. बरं.

नाही, भांडत नाहीये मी. तुला तरी कशाला मध्ये धरू… फॉर्म विनयने ईमेल केलाय? कधी?… काल. म्हणजे काल ठरलंसुद्धा. थांब, उघडते… हं. प्रिंट येतेय.

माल कोणाचा, माझा. कधीपासून, मार्च दोन हजार तीन. काम कोण करतं, कोणी नाही. तुझा फोटो आणि ती शाखा आज वेबसाइटवरून काढते. टॅक्स पहिल्या पार्सलपासून भरीन… त्या घरमालकाच्या ओळीवर 'माहिती नव्हती'. हे बघ, लिहिलं.

… 'जागेच्या मालकाशी आपलं नातं'. इथे काय?… काय?… 'परिचित'?

… हो, आडनाव माझं सासरचं, कोणाला कळायचं नाही. ते बरोबर आहे. पण स्वाती, तेवढं मी लिहिणार नाही. बाकीचं खोटं लिहिलं, मुकाट लिहिलं. ती एक ओळ मोकळी सोडते, खाली सही करते आणि तुमच्याकडे फॅक्स करते. ती त्याने भरावी, स्वतःच्या हाताने. सांग त्याला. सांग, थांबलेय मी.

…

… काय म्हणाला?

… हस्ताक्षर एकच दिसायला हवं?

… हं.

… नाही, खरं आहे. दोन हात दिसले तर शंका येईल त्यांना.

… नाही गं, चिडले नाही. भरते मीच. ठेव तू.