बादलीतली धामण

टीव्हीवर वर्षानुवर्षं साप दाखवून काय होतं, ते मला विचारा. परवा शिरगावच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"सर, पार्किंगमध्ये धामण आलीय. बिनविषारी! तुमचे सगळे एपिसोड बघतो ना."

मी इतका खूश झालो की बाइक सुसाट सोडली. पोचलो, तर धामण बादलीत, डोकं ठेचलेलं.

"अहो, बिनविषारी आहे हे माहीत होतं ना?"

"हो तर! पण तुम्हीच सांगता, मी येईपर्यंत सापावर नजर ठेवा. वॉचमन गेट सोडून किती वेळ बघत बसणार? पळाली असती, सर."

मग त्यांनी बादली माझ्या हातात दिली.

"आता बारवीच्या जंगलात सोडा. तुमचा तोच भाग आम्हाला फार आवडतो."