दुसऱ्याच्या वाटची ओ

नमस्कार मंडळी. शोभावहिनी, तुम्हालाही. मला भाषण येत नाही. अठरा वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. तिथं माणूस बोलत नाही, ओरडतो. आज ओरडायचंही बळ नाही. सांभाळून घ्या.

आपला भानुदास परभणीचा, मी इथलाच, चाकणचा. पत्रा दाबायच्या मशीनवर आम्ही चौघं. घरच्यांपेक्षा जास्त वेळ मी त्याच्यासोबत काढलाय.

कुदळवाडीच्या भंगारातनं त्यानं एक इंग्रजी डिक्शनरी आणली होती. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. चहाच्या सुट्टीत रोज एक शब्द काढायचा आणि आम्हाला पिळायचा. एक दिवस म्हणाला, "नवा शब्द घावलाय. हॅलू."

मी म्हणालो, "फोनवरचं हॅलो का रे?"

"त्याचा आजा म्हण. आता कुणी वापरत न्हाई, जुना झालाय, असं लिवलंय हितं. म्हंजे ओरडणं. पण रागानं न्हाई. रानात लांबच्या माणसाला, न्हाईतर शिकारीच्या कुत्र्यांना द्यायची आरोळी. आपल्याकडं बांधावरनं हाळी देत्यात, तसं."

मंडळी, तो शब्द त्यानं कामाला लावला. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा मशीनमधला साचा, बदलून झाली की बटणावरच्या माणसानं तोंडाला दोन्ही हात लावून ओरडायचं, "हॅलूऽऽ!" बाकीच्या तिघांनी आपापल्या जागेवरनं "ओ" द्यायची. तीन ओ आल्या की मगच बटण. कंपनीचे दिवे होते, भोंगा होता. आमचा भरवसा मात्र भानुदासच्या शब्दावर.

एकदा मी गंमत म्हणून दुसऱ्याचीही ओ दिली. भानुदासनं बटणावरचा हात काढला आणि माझ्यापाशी चालत आला. त्याला एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "भाऊ, ओ म्हंजे मी हाय. जिता हाय. माजे हात माज्यापाशी हायेत. दुसऱ्याच्या वाटची ओ द्यायची नसती."

मागच्या मंगळवारी बटणावर मी होतो. हॅलू मीच ओरडलो. एक ओ आली. दुसरी आली. तिसरी, भानुदासची, आली नाही. डाय बसवण्यात वेळ गेला होता, काम मागं पडलं होतं. वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. आणि मी, मंडळी, मी त्याच्या परभणीच्या सुरात, त्याची नक्कल करत ओरडलो, "ओऽऽ!" सगळे हसले. मी बटण दाबलं.

तो डायच्या रॅकमागं पडला होता. छातीवर हात ठेवून. चहाची सुट्टी झाली तेव्हा सापडला. सुट्टी झाली म्हणून सापडला, कुणी शोधला म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... पुढचं ते बोलले नाहीत. पुढचं मला ठाऊक आहे.

वहिनी, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आमच्या दोघा सोबत्यांनी माझ्यापायी तोंड शिवून घेतलं. दवाखान्यात तुम्ही माझाच हात धरून विचारलंत, "भाऊजी, ह्यांनी कुणाला हाक मारली नाही का हो?" मी मान खाली घातली. मारली असेल, वहिनी. मशीन चालू होतं. ते मी चालू केलं होतं.

माफी मागायला मी उभा नाही. कोणत्या तोंडानं मागू? उद्यापासून तुम्ही मला दारात उभं केलं नाहीत, तरी माझी तक्रार नाही. पण खोटं बोलून त्याच्या फोटोला हार घालवेना. माझा जीव तुटतोय, वहिनी.

आता सगळ्यांनी उभं राहू या. शोकसभेत शांत राहायचं असतं, राहू. त्याआधी मी त्याचा शब्द एकदा ओरडणार आहे. आमचे दोघं सोबती ओ देतील. तिसरीसाठी थांबायचं. त्या दिवशी मी थांबलो नाही, आज थांबू. किती का वेळ लागेना. आणि हात जोडून सांगतो, कितीही भरून आलं तरी त्याच्या वाटची ओ कुणी देऊ नका.

हॅलूऽऽ! भानुदास, हॅलूऽऽ!