वाजवणाऱ्याचा हिस्सा

रेकॉर्ड कंपनीचा बाक मुद्दामच कडक असतो. ताटकळलेला माणूस दाखवाल तिथे सही करतो. गीतकार केव्हाचा त्यावर बसला होता. शेजारी एक नवी गायिका आणि तिच्या गाण्यात व्हायोलिन वाजवणारे म्हातारे काका होते.

“सही करून टाका, ताई. विक्रीतला हिस्सा वाजवणाऱ्याला कोण देतं? मला दिवसाचे पैसे मिळाले.”

“सुरुवातीची सुरावट सुचली कुणाला?”

“मला. पण माझ्यापायी तुमची पहिलीच रेकॉर्ड अडेल.”

“अडू दे.”

गीतकाराने आपल्या करारावर सही करायला उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

गायिकेने आत कळवलेल्या अटीचं उत्तर घेऊन मॅनेजर बाहेर आला. “यांना हिस्सा देऊ, पण तुमच्या वाट्यातून.”

“चालेल. तसं लिहा. आणि यांचं नाव पूर्ण लिहा.”

“अहो ताई...”

“काका, पुढच्या वेळी जरा वाईट वाजवा. इतकं चांगलं मला परवडायचं नाही.”