संध्याकाळ कुणाची

ताई : हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

भाऊ : हळूच बोलतोय. तू आधी हे बघ. आपल्या आकाशाच्या नकाशाची नवी आवृत्ती. परवा बाहेर पडतेय.

ताई : ‘आपल्या’ काय म्हणतोस? ही पोटात होती तेव्हापासून मी त्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही.

भाऊ : सुरू तर दोघांनीच केलं ना? मुक्त सॉफ्टवेअर, कुणीही उघडावं, सुधारावं, हा हट्ट तुझाच. घे हा टॅब मांडीवर. सूर्य खाली ओढ. बोटानं, सावकाश.

(ती ओढते. भर दुपारी पडद्यावर उजेड उतरू लागतो.)

ताई : आधी पिवळं... मग तो विझत आलेला केशरी... जांभळं. अजून तसंच आहे रे.

भाऊ : थांब, चांदणी येईल.

ताई : माहितेय. एकदम नाही यायची. आहे की नुसता भास, असं वाटायला लावेल आधी... आली बघ. मला वाटलं, माझी संध्याकाळ काढून टाकलीत तुम्ही.

भाऊ : काढली नाही, आपल्या गटातल्या चष्मिषनं नव्यानं लिहिली. जुन्या फोनवर अडखळायची ना? आता लोण्यासारखी सरकते. तुझी ओळ मात्र एकही उरली नाही.

ताई : मग झालं तर.

भाऊ : झालं कसं? श्रेयनामावलीचं पान यंत्र बनवतं. ज्याची ओळ आज शिल्लक, त्याचं नाव. त्यात तू नाहीस. आणि जो तो या संध्याकाळचं कौतुक करतोय, चष्मिषच्या नावानं.

ताई : करू दे की. राबलाय तो.

भाऊ : तोच घेत नाहीये! सकाळी निरोप आला त्याचा. म्हणतो, मी फक्त वेग दिला, रंगांना हात लावायची माझी छाती झाली नाही. ही संध्याकाळ जिनं पाहिली तिचं नाव आधी, नाहीतर माझंही काढा.

ताई : ...असं म्हणाला?

भाऊ : अगदी असंच. ताई, रडतेस की काय?

ताई : छे. झोप नाही झाली नीट... कसं सांगू तुला. दिवसभर हिचंच करता करता वाटायला लागतं, गच्चीवर बसून रंग टिपणारी ती बाई दुसरीच कुणी होती. मी तिच्याबद्दल नुसतं ऐकलंय.

भाऊ : म्हणून तर नाव घालतो. आत्ता. माझ्या हातात आहे.

ताई : तुझ्या हातात आहे म्हणूनच नको.

भाऊ : आता हे काय नवीन?

ताई : बहिणीचं तेवढं घुसडलं म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. चंद्राच्या कला दुरुस्त करून देणारे ते आजोबा आहेत पानावर?

भाऊ : त्यांचाही भाग पुन्हा लिहिला गेला.

ताई : आणि ती मुलगी, जिला लाल अक्षरं दिसायचीच नाहीत?

भाऊ : तिनं ओळ कुठे लिहिली? नुसती तक्रार केली होती.

ताई : नुसती?

भाऊ : ...बरं बाई, नुसती नाही. पण यंत्राला हे कळत नाही गं. सगळे जुने निरोप उपसावे लागतील. आणि परवा प्रकाशन!

ताई : पुढे ढकल. आकाश काय पळून जातंय?

भाऊ : बाकीचे मला फाडून खातील.

ताई : चष्मिष नाही खायचा. सरक तिकडे. मी वाचते, तू लिही. ओळी नको मोजूस. कुणामुळे काय झालं, तेवढं लिही.

भाऊ : आणि ही उठली तर?

ताई : तर तू घे. मामा कशाला झालास?... हा बघ, अगदी सुरुवातीचा. ‘तुमचा चंद्र माझ्या खिडकीतून उलटा दिसतो.’

भाऊ : दक्षिण गोलार्धातलं कुणीतरी! तेव्हा कुठे लक्षात आलं, आपण अख्खं आकाश आपल्याच गच्चीवरून काढलंय.

ताई : किती हसलो होतो आपण.

भाऊ : नाव नाही पण खाली. पत्ताही बंद पडलेला. सोडून देऊ?

ताई : नको. लिही, ज्यांच्या खिडकीतून चंद्र उलटा दिसतो, ते.

भाऊ : असं कुणी लिहितं का, ताई?

ताई : वाचलं कधी, तर ओळखतील.