ओल्या गाडीची चावी

—माहितीये म्हणे मला! काय माहितीये? काय माहितीये रे मला? जा, जा, पाठ फिरवून चालता हो, मान कशी ताठ बघा, जसा काही हाच मालक आणि मी ह्याच्या दारात बादली धरून उभा! — तुम्ही बसा हो साहेब, तुम्ही कशाला उठताय, तुम्हाला नाही म्हणत. तो तिकडं चाललाय बघा, निळी पिशवी खांद्याला मारून, त्याला म्हणतोय. एवढ्या लांब ऐकू जात नाही? जातंय, चांगलं जातंय, माझा आवाज पुलापलीकडं जातो. मेहुणा आहे माझा. बायकोचा धाकटा भाऊ. चार वर्षं झाली ह्या वॉशिंग सेंटरात माझ्याबरोबर आहे, चार वर्षांत चार वाक्यं बोलला नसेल, आणि आज बोलला ते गिऱ्हाईकासमोर बोलला. तुमच्यासमोर. आता चालला एसटी पकडायला, गावाकडं, कायमचा. जाऊ दे. कुणाचं काय अडतंय? माझं? माझं काय अडणार? ही तुमची गाडी आहे, हे फडकं आहे, हे माझे दोन हात आहेत.

नाही नाही, चावी नाही मिळणार. मागू नका. बघितलं, घड्याळ बघितलं तुमचं, मघाशीही बघितलं, पण ओल्या गाडीची चावी इथं कुणाला मिळत नाही. ही बघा, दोरीत ओवून गळ्यात. जो गाडी पुसणार त्याच्या गळ्यात चावी, गाडी कोरडी झाली की तोच चावी देणार, दुसऱ्यानं हात लावायचा नाही — हा इथला कायदा. कुणी काढला? मी काढला. म्हणजे सुचला त्याला, पण जागा कुणाची? पाण्याची मोटार कुणाची? मग कायदा कुणाचा झाला? — हां. पाणी काय, वाऱ्यानं वाळेल, असं म्हणतात लोक. तुम्हीही मनात तेच म्हणताय. वाळतं ना, वाळतं, का नाही वाळणार, आणि वाळलं की थेंबाथेंबाला पांढरा ठिपका सोडून जातं, मग ती काळी गाडी दिसते कशी, तर कुणी वर पीठ चाळल्यासारखी. म्हणून आधी सावलीत घ्यायची. मग टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी. वरून खाली. खालून वर पुसणारे पण बघितलेत मी, शिकलेली माणसं, चष्मा लावून खालून वर पुसतात आणि वरचं पाणी परत खाली आलं की आभाळाकडं बघतात.

आणि घासायचं नाही. फडकं असं अंथरायचं आणि अलगद ओढायचं, पाणी आपणहून उचलतं ते. त्याचं पुसणं बघायला पाहिजे होतं तुम्ही. गाडी पुसतोय का पोर निजवतोय, कळायचं नाही. मी म्हणायचो, अरे अंगाई पण म्हण की! हसायचा नाही. हसणं त्याच्या घराण्यातच नाही, बायकोला विचारा — नको, तिला विचारू नका आत्ता.

हे झालं वरवरचं. खरं पाणी लपून बसतं. हा आरसा बघा, कोरडा दिसतोय? आता ही हवेची नळी लावतो — फुस्स! बघितलं? अर्धा पेला निघाला. तुम्ही निघाला असता ऐटीत, आणि पहिल्याच वळणावर आरशातून दारावर ओघळ, लोकांना वाटलं असतं गाडी रडतेय. नंबरप्लेटच्या मागं, पेट्रोलच्या झाकणात, दाराच्या रबरात, डिकीच्या कडेला, सगळीकडं फुंकायचं. दारं चारी उघडायची आणि आतल्या कडा पुसायच्या, तिथंच गंज धरतो, बाहेरून गाडी नवरी आणि आतून चाळण. हे कुणी शिकवलं मला? अहो, ह्यात शिकवायचं काय — हां, त्यानंच. मी आधी नुसतं पाणी मारायचो आणि म्हणायचो न्या. खोटं कशाला बोलू.

आजचं भांडण? तुम्ही होतात ना, तुम्ही बघितलंत. फडकं पडलं माझ्या हातातून. पडतं. खाली पडलं, मी उचललं, झटकलं, परत पुसायला लागलो. तर हा तिकडून म्हणतो, दाजी, ते पडलेलं फडकं आहे. एवढंच. हळू म्हणाला, हो, हळूच म्हणाला, पण तुमच्यासमोर म्हणाला. पडलेल्या फडक्याला वाळू लागते आणि वाळूनं चरे पडतात, मला काय माहीत नाही? — तो? तो चरा आधीचा आहे. आधीचाच आहे साहेब. बोट फिरवू नका त्याच्यावरून. — बरं, असू दे, पॉलिश मारून देतो, जातो तो. पण माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, तू मला शिकवतोस? तू? डॉक्टरीणबाईची गाडी ओली सोडणारा तू, बाईचा हात मोडणारा तू, आणि मला फडकं शिकवतोस? सगळं मोठ्यानं. मला हळू बोलता येत नाही. तर त्यानं फडकं पिळलं, दोरीवर वाळत घातलं, चारी टोकं सारखी करून हां, आणि मग म्हणाला, त्या दिवशी चावी कुणाच्या गळ्यात होती ते तुम्हाला माहितीये, दाजी. आणि पिशवी उचलली.

ऐकलंत तुम्ही? आता हसू येतंय का राग, सांगा. तीन आठवडे गप्प बसला आणि आज बोलला.

काय झालं होतं? काही नाही झालं. डॉक्टरीणबाई आल्या, गाडी धुवायला दिली. धुतली त्यानं, पुसायला मी घेतली. बाई जाऊन ओल्या गाडीत बसल्या. आपल्याकडं खुर्ची आहे, सावली आहे, तुम्ही बसलाय तीच खुर्ची, पण नाही. पेशंट थांबलेत म्हणाल्या. फोन कानाला. मी पुसतोय, आणि बाईंनी हॉर्न मारला. मी म्हणलं, झालंच बाई, फक्त ब्रेकची फेरी राहिली. — फेरी म्हणजे, धुतल्यावर ब्रेकमध्ये पाणी राहतं, पहिले चार-पाच वेळा ब्रेक धरतच नाही नीट. म्हणून ह्या गल्लीत दोनदा खालीवर फिरवायची, सारखा ब्रेक दाबत, मग गरम होऊन सुकतात. पुसणाऱ्यानंच मारायची ती फेरी. तर हे सांगतोय तोवर दुसरा हॉर्न. आणि मग तिसरा, लांब. माझ्यावर हॉर्न? माझ्या दारात उभं राहून माझ्यावर हॉर्न? म्हैस आहे का मी, रस्त्यातून हाकलायला? खिडकीतून हात बाहेर आला, मान खाली, फोन चालूच, कुणापुढं हात केलाय तेसुद्धा बघितलं नाही बाईंनी. मी —

चावी दिली गेली त्या हातात. दिली गेली म्हणजे — काय बघताय? दिली कुणीतरी.

मेहुणा मागं टाकीवर होता. गाडीचा आवाज ऐकून पळत आला, हातात ओलं फडकं, अनवाणी, गाडीमागं पार कोपऱ्यापर्यंत पळाला. बाई, ब्रेक दाबत जा, ब्रेक दाबत जा! एवढ्या मोठ्यानं तो ओरडला ते मी पहिल्यांदा ऐकलं. तोवर काचा वर गेल्या होत्या. पुढं पुलाचा उतार, उताराखाली पिठाच्या गिरणीची भिंत. भिंतीला काय व्हायचंय! बंपर गेला. आणि बाईचा उजवा हात. उजवा. इंजेक्शन द्यायचा.

पाच दिवसांनी बाई आल्या, हात गळ्यात, बरोबर नवरा. नवरा म्हणाला, त्या दिवशी चावी कुणी दिली? ओरडला नाही हां, ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो आणि मिटलं असतं. आमची मंडळी पाणी घेऊन बाहेर आलेली, तांब्या हातात, तिथंच थांबली. मेहुणा चाकं धूत बसलेला. मी म्हणालो, ह्यानं.

असं बोट केलं त्याच्याकडं.

त्यानं वर बघितलं. माझ्याकडं नाही, बहिणीकडं. मला वाटलं आता बोलतोय, आता बोलतोय, बोल की लेका! मी असतो तर तोंड फोडलं असतं माझं. तर हा उठला आणि बाईंना म्हणाला, चूक झाली. बस. का म्हणाला? विचारलं कुणी त्याला म्हण म्हणून? बहिणीचा संसार वाचवायला निघाला होता का शहाणा? माझा संसार काय मोडायला आला होता? आता बायको तीन आठवडे त्याच्याशी बोलत नाही. सख्खी बहीण. ताट सरकवते आणि आत जाते. परवा मला म्हणाली, त्याला चावीला हात लावू देऊ नका हो, परत कुणाचा जीव घेईल. मी म्हणलं, बरं. आणि नाही लावू दिला. तीन आठवडे त्याला चाकं धुवायला लावलीत मी, नुसती चाकं. ज्यानं मला फडकं धरायला शिकवलं त्याला. मी काय म्हणणार होतो तिला? सांगा ना, काय म्हणणार होतो? तुम्ही असता तर —

नका सांगू. तुमचं तोंड बघूनच कळलं.

रुमाल ठेवा खिशात, रुमालानं पुसतात का गाडी, तो कोपरा मी घेतो. — झालं. बोट फिरवा आता, कुठंही फिरवा. कोरडी. आणि थांबा, फेरी मारून आणतो, बसा तिथंच, दोन मिनिटं.

हां. आठ वेळा दाबला ब्रेक, मोजून. जागच्या जागी उभी राहते. ही घ्या चावी.

चाललात कुठं डावीकडं? काम राहू दे तुमचं थोडं. ऐका. उजवीकडं वळा, पूल उतरला की स्टँड. निळी पिशवी, पाय ओले असतील, कुणाशी बोलत नसेल, तोच तो. मी येत नाही. मी गेलो तर शिव्याच देणार, मला माहितीये, तो आणखी लांब जाईल. तुम्ही परके आहात, तुमचं ऐकेल. त्याला म्हणा, चावी मी दिली होती असं दाजी स्वतःच्या तोंडानं बोललाय माझ्यासमोर. आणि म्हणा, बहिणीला हाक मारलीय त्यानं — थांबा. ए! बाहेर ये जरा! अगं बाहेर ये, हात पिठाचे राहू दे तसेच, बोलायचंय! — आता बघत काय उभे राहिलात? गाडी सुटेल त्याची. दार लावा. जा, घेऊन या त्याला.