चाळीसच्या चाळीस लंगडे

नाही, मला सांगा, एखाद्याला आपण विचारलं, बाबा रे, तब्येत कशी आहे, तर त्याने निदान 'सर्दी झालीय' एवढं तरी म्हणावं की नाही? चाळीस रिक्रूट, प्रत्येकाला बावीस प्रश्न, आणि उत्तर एकच... 'काही तक्रार नाही, साहेब!'

आरोग्य खात्याने मला पाठवलं होतं, नव्या भरतीची तब्येत आणि वागणूक तपासायला. मी जन्मभर फायलीत मान घालून बसलेला माणूस. मैदानावर चपला चालत नाहीत म्हणून स्टोअरवाल्याने मलाही फौजी बूट दिले, नऊ नंबरचे, अगदी मापात. झोप लागते का रे? काही तक्रार नाही. अरे, तू उभ्याउभ्या पेंगतोयस की! जेवण? काही तक्रार नाही. घरची आठवण येते का, असं विचारलं तर एकाचे डोळेच भरले, आणि नाक पुसत म्हणतो कसा, 'काही तक्रार नाही, साहेब.' मागे त्यांचा हवालदार उभा, आणि मिशा अशा की प्रश्न विचारताना माझीच जीभ चाचरायची.

तुम्हाला सांगतो, तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळीतला लंबू मला लंगडताना दिसला. म्हटलं, चला, एक तरी रकाना भरला! 'का लंगडतोस रे?' असं मी विचारतोय तोवर हवालदार गरजला, 'तुकडी, आगे चल!' आणि काय सांगू... चाळीसच्या चाळीस जण लंगडायला लागले. तेही एका तालात! आता वागणुकीच्या रकान्यात मी काय लिहायचं, कप्पाळ?

शेवटी लंबूला बाजूला घेतलं, बूट काढायला लावला. टाचेवर हा एवढा फोड. बूट आठ नंबरचा आणि पाय नऊचा. 'अरे, बदलून का नाही घेतलास?' तर हा बघतोय हवालदाराकडे. हवालदारच हळू आवाजात बोलला, आणि हा माणूस हळूही बोलतो हे मला तेव्हा कळलं. 'साहेब, बूट बदलायला अर्ज लागतो, अर्ज आला की तपासणी, फोड दिसला की पोराला मागे ठेवणार, पुढच्या तुकडीबरोबर. शनिवारी परेड आहे. आई बघायला येतेय त्याची, तीन गाड्या बदलून. लिहू नका.'

लिहू नका म्हणे! मला पगार लिहिण्याचाच मिळतो, हो! मी लंबूकडे बघितलं, तर एका पायावर उभा आणि तरीही... 'काही तक्रार नाही, साहेब.'

मग काय करणार? बसलो तिथेच बाकावर आणि काढले माझे बूट. हवालदाराने स्वतःच्या हाताने लंबूच्या टाचेला पट्टी बांधली, आणि उरलेले तीन दिवस मी त्या आठ नंबरात पाय कोंबून चाळीस जणांच्या मागे हिंडलो. शनिवारी लंबू असा चालला म्हणून सांगू... त्याच्या आईशेजारी बसून नाक मीच पुसत होतो. फार गोड पोरं हो ती.

घरी पोचलो तर बायको दारातच. 'अहो, लंगडताय का?'

आता काय सांगू तिला? टाचा जुळवल्या, छाती काढली आणि म्हणालो, 'काही तक्रार नाही, साहेब.'